गाडी नाही, लांबची सुट्टी नाही: शहरातल्या शहरात पानगळ कशी अनुभवायची?

खिडकीतली:

नमस्कार मंडळी,

थंड हवेच्या देशातल्या एका मोठ्या शहरात आम्ही गेल्या हिवाळ्यात राहायला आलो, त्यामुळे इथली पानगळ यंदा पहिल्यांदाच बघणार आहोत. ऑफिसमध्ये सध्या सगळ्यांच्या तोंडी एकच विषय: "रंग बघायला डोंगरात कधी जाताय?" आमच्याकडे गाडी नाही. भाड्याने घ्यावी म्हटलं तर ज्या शनिवार-रविवारी रंग भरात असतात, नेमकं तेव्हाच सगळं आधीच ठरलेलं. मुलगी सहा वर्षांची आहे, तिला गाडी लागते. सासूबाई सध्या आमच्याकडे आहेत. त्या हळू चालतात आणि थंडीचा त्यांना त्रास होतो. मला ऑफिसातून सुटायला सहा वाजतात.

आम्ही चौदाव्या मजल्यावर राहतो. खिडकीतून झाडांचे शेंडे दिसतात, त्यांचा हिरवा रंग आता जरा मळकट दिसायला लागलाय. मला हा ऋतू नुसता खिडकीतून बघायचा नाही. रविवारी मॉलमध्ये चक्कर मारली की आठवडा संपला, असं यंदा व्हायला नको आहे. तर मोठ्या शहरात राहून, पायी किंवा बस-मेट्रोने जाऊन, या दोन-अडीच महिन्यांत काय काय करता येईल? मुलीसोबत, सासूबाईंसोबत, आणि जमलं तर माझं एकटीचं काही.

आणखी एक. दिवस लहान व्हायला लागले की मन उदास होतं, असं इथले बरेच जण सांगतात. त्यावर तुम्ही काय करता?

घाटवाट:

ताई, स्पष्ट सांगतो, शहरातली पानगळ म्हणजे फुटपाथवरचा ओला पाला. एखाद्या शनिवारी पहाटेची रेल्वे पकडा. दोन-तीन तासांवर डोंगरातलं एखादं स्टेशन असेलच, आणि रेल्वेत मुलीला त्रासही होणार नाही. अख्खा उतार लाल-केशरी झालेला एकदा बघितलात की रस्त्यावरच्या चार झाडांकडे बघावंसं वाटणार नाही. फक्त उशीर करू नका, उंचावरचे रंग लवकर संपतात.

पारंबी:

घाटवाट, रेल्वेची सूचना चांगली आहे आणि डोंगराचं कौतुकही खरं आहे. पण "रस्त्यावरची चार झाडं" हे काही मला पटत नाही. मी आमच्या शहरातल्या रस्त्याकडेच्या झाडांची नोंद ठेवणाऱ्या स्वयंसेवकांच्या गटात आहे. दर वर्षी या दिवसांत टेप आणि वही घेऊन ठरलेल्या गल्ल्यांतून फिरते, बुंध्यांचा घेर मोजते, कुठलं झाड कधी रंगलं आणि कधी उघडं झालं ते लिहून ठेवते. त्या वहीच्या भरवशावर सांगते: डोंगरातली पानगळ आठवड्या-दोन आठवड्यांत आटोपते, शहरातली बरेच दिवस पुरते.

त्याला कारणं आहेत. डांबर आणि काँक्रीट दिवसभर ऊन पितात आणि रात्री ती ऊब सोडतात, त्यामुळे शहराची रात्र आजूबाजूच्या उघड्या मुलखापेक्षा उबदार असते आणि झाडं रंग बदलायला उशीर लावतात. दुसरं म्हणजे, डोंगरउतारावर बहुतेक चार-पाच जातींचंच जंगल असतं. शहरात मात्र पूर्व आशियातला गिंको, अमेरिकेतला स्वीटगम, बाल्कनमधला हॉर्स चेस्टनट हे सगळे एका चौकात उभे असतात, आणि प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं. हॉर्स चेस्टनट सप्टेंबरमध्येच करपायला लागतो, तर काही ओक झाडं वाळलेली पानं थंडीभर अंगावर धरून ठेवतात.

म्हणून खिडकीतली, तुम्हाला माझं पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं सांगणं: दर रविवारी नवी बाग शोधत फिरू नका. एक रस्ता निवडा. घर ते मेट्रो, किंवा घर ते शाळा, जिथून तुम्ही कसंही जाणारच आहात. त्यावरची दहा-बारा झाडं तुमची. ती रोज बघायची. रोज बघितल्याशिवाय ही गोष्ट हाताला लागत नाही. एकदाच जाऊन बघितलेला रंग म्हणजे फोटो. तोच रंग चढताना आणि उतरताना बघितला तर त्या झाडाशी ओळख होते.

आता मुलीसाठी. तिला पानं "गोळा" करायला लावू नका, शोधायला लावा. मुलं शोधायच्या कामावर तासभर टिकतात.

मॅपल किंवा स्वीटगमखाली असं लाल पान शोधायला सांगा ज्याच्यावर दुसऱ्या पानाची सावली छापली गेली आहे. असं खरंच सापडतं. पिवळा रंग पानात मुळातच असतो, हरितद्रव्य मोडून गेलं की तो उघडा पडतो. लाल रंग मात्र झाड त्या दिवसांत नव्याने बनवतं, पानातल्या साखरेपासून, आणि त्यासाठी त्या जागेवर ऊन पडावं लागतं. एक पान दुसऱ्यावर टेकून राहिलं असेल तर झाकलेला भाग पिवळा राहतो आणि बाकीचं पान लाल होतं, कडा अगदी कापल्यासारखी स्पष्ट. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री शून्याच्या वर राहणारी थंडी, असे दिवस लागून आले की लाल रंग उत्तम चढतो. पावसाळी, ढगाळ शरदात पिवळ्यावरच भागवावं लागतं.

दुसरा शोध: रस्त्यावरच्या दिव्याला अगदी खेटून असलेलं झाड. बाकी झाड उघडं होत आलं तरी दिव्याजवळच्या फांदीवर पानं हिरवी राहिलेली दिसतात. दिवस किती लहान झाला हे झाड उजेडावरून ओळखतं, आणि दिव्यापाशी त्याला रात्रच नीट होत नाही. हे मुलीला आधी सांगू नका. "ही एकच फांदी अशी का?" एवढंच विचारा.

तिसरा माझ्या सगळ्यात आवडीचा. मोठ्या शहरांत लंडन प्लेन नावाचं झाड जिकडेतिकडे असतं. काश्मीरच्या चिनाराचा आणि अमेरिकेतल्या त्याच्या भाऊबंदाचा संकर. साल सुटून खोडावर फिकट आणि करडे चट्टे पडतात, गोल बिया थंडीभर लोंबत राहतात, त्यावरून ओळखता येईल. त्याचं नुकतं पडलेलं पान उचला आणि देठाचं टोक बघा. ते फुगीर आणि पोकळ असतं. पुढच्या वसंतातली कळी उन्हाळाभर याच पोकळीत वाढलेली असते, बाळाच्या डोक्यावर टोपडं असावं तसं देठाने तिला झाकलेलं असतं. आता खाली वाकलेली एखादी फांदी गाठा आणि जिथून पान गळलंय ती जागा बघा: टोकदार, चकचकीत कळी तयार बसलेली. पान पिकून गळायच्या आधीच पुढच्या वर्षाची तयारी झालेली असते. सहा वर्षांच्या मुलीच्या बोटाच्या टोकावर ते देठ टोपीसारखं बसतंही. हॉर्स चेस्टनट असेल तर तिथे पान गळल्यावर घोड्याच्या नालासारखा व्रण उरतो, त्यात खिळ्यांसारखे ठिपकेसुद्धा असतात.

आणि नाकालाही काम द्या. मोठ्या उद्यानात, वनस्पती उद्यानात तर बहुतेक असतोच, कात्सुरा नावाचा जपानी वृक्ष. त्याची गोल पानं पिवळी होऊन पडली की त्यांना करपवलेल्या साखरेचा वास येतो. माल्टॉल नावाच्या द्रव्यामुळे. कोरड्या दिवशी, दुपारी, झाडापासून चार पावलं दूर उभं राहिलं तर जास्त जाणवतो. आमच्या भागातल्या कात्सुराखाली मी अनोळखी माणसांना थांबून इकडेतिकडे बघताना पाहिलंय, वास कुठून येतोय ते कळत नसतं त्यांना. मी जाऊन सांगते.

सासूबाईंसाठी उन्हाचा हिशेब करा. चाळीस अंश अक्षांशावर जूनमध्ये भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ७३ अंश वर असतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला जेमतेम ३५. म्हणजे उंच इमारतींच्या शहरात रस्त्याची एक बाजू दिवसभर सावलीत जाते. त्यांना रस्त्याच्या उत्तरेकडच्या बाजूने चालवा, उद्यानातही उत्तरेकडच्या कडेचा, दक्षिणेकडे तोंड असलेला बाक धरा. पाठीमागे भिंत असेल तर फारच छान, वारा लागत नाही. बारा ते दोनच्या मध्ये तिथे बसून त्यांना आरामात तासभर काढता येईल. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा: ओल्या पानांवरून त्यांना चालवू नका. दगडी फरशीवर ओली पानं भयंकर निसरडी होतात. तळव्याला खोल खाचा असलेले बूट घ्या आणि पावसाच्या दुसऱ्या दिवशी पायऱ्या टाळा.

तुमच्या एकटीसाठी: जेवणाच्या सुट्टीतली वीस मिनिटं बाहेर काढा. उदास वाटण्याचा प्रश्न विचारलात ना, त्याचंही उत्तर बऱ्याच अंशी इथेच आहे. ऑफिसात टेबलावर साधारण ३०० ते ५०० लक्स उजेड असतो. बाहेर ढगाळ असलं तरी दुपारी तो काही हजारांत असतो. खिडकीपाशी बसणं आणि दाराबाहेर जाणं यांत शरीराच्या दृष्टीने मोठा फरक आहे. सकाळचा उजेड मिळाला तर आणखी उत्तम. घड्याळं एक तास मागे जातात (युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या), तेव्हा संध्याकाळ अचानक अंगावर येते, पण सकाळ काही आठवडे उजळते. ते दिवस वाया घालवू नका, शाळेच्या वाटेवर एक थांबा लवकर उतरा. आणि झोप, भूक, कामातलं लक्ष हे सगळंच दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं राहिलं तर डॉक्टरांना भेटा. हा ओळखीचा, उपचार असलेला त्रास आहे. १९८४ मध्ये वैद्यकात त्याचं वर्णन झालं आणि सकाळच्या तीव्र प्रकाशाचे उपचार त्यावर सर्रास दिले जातात.

तुमच्या चौदाव्या मजल्याचाही उपयोग करून घ्या. खिडकी पूर्वेची आहे का? एरवी चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. शरद संपाताच्या, म्हणजे २२-२३ सप्टेंबरच्या, जवळच्या पौर्णिमेला मात्र तो रोज अर्ध्या तासानेच मागे पडतो. त्यामुळे ओळीने तीन-चार संध्याकाळी, सूर्य मावळता मावळता, मोठा तांबूस चंद्र इमारतींच्या मधून वर येताना दिसतो. सासूबाईंना शालीत गुंडाळून खिडकीत बसवा, जिना-लिफ्ट काही नको.

रातवा:

पारंबी, झाडांवर इतकं लिहिलंत की मी फक्त पक्ष्यांवर बोलतो.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तुमच्या शहरावरून रोज रात्री पक्षी दक्षिणेकडे जात असतात. छोटे, कीटक खाणारे पक्षी बहुतेक रात्रीच उडतात. थंड हवेची लाट आली आणि वारा उत्तरेकडून वाहायला लागला की त्या रात्री आकाशात गर्दी असते. दुसऱ्या दिवशी उजाडताना हे दमलेले पक्षी खाली बघतात तेव्हा मैलोनमैल सिमेंटमध्ये हिरवा तुकडा एकच: तुमचं उद्यान. म्हणून अशा सकाळी शहरातल्या उद्यानात एका झाडावर जेवढ्या जाती दिसतात तेवढ्या रानात दिवसभर हिंडूनही कधी कधी दिसत नाहीत. साडेसात-आठला जा, शाळेच्या आधी. दुर्बीण नसली तरी चालेल. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीशाळेचं मर्लिन नावाचं ॲप फुकट आहे, आवाजावरून पक्षी सांगतं. मुलीच्या हातात द्या.

एक विनंती. रात्री अकरानंतर पडदे ओढून घ्या किंवा दिवे मालवा. उजेडाने पक्षी भरकटतात आणि काचांवर आपटतात. शिकागोत ऑक्टोबर २०२३ मध्ये तलावाकाठच्या एका मोठ्या काचेच्या इमारतीवर एका रात्रीत जवळपास हजार पक्षी मेले. पुढच्या वर्षी तिथल्या काचांवर बारीक ठिपक्यांची फिल्म लावली आणि हे मरण प्रचंड घटलं. म्हणजे उपाय आहे आणि तो साधा आहे. तुमच्या इमारतीच्या तळमजल्यावर काचेची मोठी लॉबी असेल तर व्यवस्थापनाशी बोला: काचेच्या बाहेरच्या बाजूने, दर पाच सेंटिमीटरवर एक ठिपका. आतून लावलेली एखाद-दुसरी घारीची आकृती काही कामाची नाही.

जुनी वही:

अजून कोणी लिहिलं नाही म्हणून: जुन्या दफनभूमी. मी सुरुवातीला बिचकत होते, आता माझी ठरलेली जागा झाली आहे. मोठ्या शहरांत सर्वांत जुनी, न छाटलेली झाडं बरेचदा तिथेच सापडतात, कारण तिथे कोणी रस्ता रुंद केला नाही की वाहनतळ बांधला नाही. पॅरिसचं पेर लाशेज १८०४ चं. बॉस्टनजवळचं माउंट ऑबर्न १८३१ चं. शहरात सार्वजनिक बागा नव्हत्या तेव्हा लोक सुट्टीच्या दिवशी तिथेच फिरायला येत. शांतता पाळा, चेंडू नेऊ नका, आणि दरवाजे बंद व्हायची वेळ आधी बघून ठेवा. दिवस लहान झाला की तीही लवकर होते.

पावसाच्या शनिवारसाठी: सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बऱ्याच शहरांत एरवी बंद असलेल्या इमारती लोकांसाठी उघडतात. फ्रान्सने १९८४ मध्ये सुरू केलेले वारसा-दिवस आता युरोपभर होतात, लंडनने १९९२ मध्ये ‘ओपन हाउस’ सुरू केलं आणि नंतर कितीतरी शहरांनी ते उचललं. जुनी पंपघरं, न्यायालयं, नाट्यगृहांची मागची बाजू. सासूबाईंना लिफ्ट आहे का ते आधी विचारून घ्या.

घाटवाट:

सावली छापलेलं पान मी कधी बघितलं नव्हतं. आज दुपारी ऑफिसखालच्या मॅपलखाली शोधलं आणि मिळालं. डोंगरात जायचं ते मी जाणारच, पण "ओला पाला" हे मागे घेतो.

खिडकीतली:

सगळ्यांचे मनापासून आभार. शाळेची वाट ठरवली. वाटेत लंडन प्लेन ओळीने आहेत! देठाच्या टोप्या मुलीने दहाही बोटांवर चढवून वर्गात नेल्या. सासूबाईंचा बाकही ठरला, ग्रंथालयाच्या भिंतीला लागून. खिडकी पश्चिमेची निघाली, पण लिफ्टच्या बाहेरच्या मोकळ्या जागेत पूर्वेची काच आहे, तिथे खुर्ची नेऊन चंद्र बघितला. शेजारच्या दोन घरांतली माणसंही येऊन उभी राहिली.

दोन शंका. मुलीने वहीत ठेवलेली पानं काळी पडून चिकटली, ती कशी ठेवायची? आणि शाळेच्या फाटकापाशी पंख्यासारख्या पानांचं झाड आहे, तोच गिंको ना? तो अजून हिरवाच आहे.

पारंबी:

पानं काळी पडतात ती ओलाव्यामुळे. कोरड्या दिवशी, दुपारनंतर उचललेली घ्या. वर्तमानपत्राच्या घडीत एकमेकांना न लागता ठेवा, वर जड पुस्तकं, आणि पहिले चार-पाच दिवस कागद रोज बदला. सगळा फरक त्या कागद बदलण्याने पडतो. दोन आठवड्यांत पानं कडक होतात. चकचकीत कागदाची मासिकं वापरू नका, ती पाणी शोषत नाहीत. मग वहीत चिकटवा आणि वही मिटून ठेवा, लाल रंग उजेडात विटतो. पानाखाली तारीख आणि झाडाची जागा लिहायला लावा तिला, पुढच्या वर्षी ताडून बघता येईल.

पंख्यासारखी पानं म्हणजे गिंकोच. तो हिरवा आहे हे उत्तम, म्हणजे त्याचा मुख्य कार्यक्रम अजून व्हायचा आहे. आधी अख्खं झाड लिंबासारखं पिवळं होईल आणि तसंच थांबेल. दुसरी झाडं आठवडेच्या आठवडे पानं गाळत बसतात, गिंको बहुतेक सगळी पानं एका दिवसात टाकतो. देठांच्या बुडाशी सुटं होण्याची तयारी सगळ्या पानांत बरोबरीने पुरी झालेली असते, आणि मग पहिली कडक गोठणारी रात्र आली की दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन लागताच पानं सुटतात, वारा नसतानाही. दोन-तीन तासांत खाली पिवळा ढीग आणि वर मोकळ्या फांद्या. त्यामुळे झाड पूर्ण पिवळं झाल्यावर हवामानाचा अंदाज रोज रात्री बघा. पारा शून्याच्या खाली जाणार असं दिसलं की दुसऱ्या दिवशी घरून अर्धा तास आधी निघा, आणि शाळेतल्या बाईंनाही आदल्या दिवशीच सांगून ठेवा, म्हणजे त्या सगळा वर्ग फाटकापाशी आणतील. झाडाखाली मऊ, कुजका वास येणाऱ्या बिया पडलेल्या असतील तर ते मादी झाड आहे. मुलांना त्या हातात घेऊ देऊ नका, त्वचेला खाज सुटते.